नावाचं भाडं

पापड खारट निघाले म्हणून कंपनीचं तिमाहीचं उत्पन्न धरायला नकार देणारा अकाउंटंट तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. त्याच्या शेजारच्या टेबलावर माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. माझे केस गेले त्याला हा माणूस जबाबदार, असं माझी बायको म्हणते. माझ्या मते ऑफिसचा पंखाही तितकाच जबाबदार होता. नुसता आवाज करायचा, वारा काही यायचा नाही.

ऑफिस म्हणजे नगरला माळीवाड्यात, सायकलच्या दुकानावरची एक खोली. बाहेरून लोखंडी जिना, वर पत्र्याचा आडोसा, आत दोन टेबलं. दारावर पाटी 'साळुंकी छाप'. कधीकाळी या नावाच्या लाल दंतमंजनाचा मोठा कारखाना होता. शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कुठल्याही खेड्यात जा, मोरीच्या फळीवर साळुंकीचा लाल डबा असायचाच. मग थोरले शेठ गेले, धाकट्या शेठना त्या पावडरीत राम वाटेना. त्यांनी जागा विकली, मशिनं विकली आणि पुण्यात बिल्डिंगा बांधायला लागले. कारखाना गेला, नाव तेवढं राहिलं. आणि गंमत बघा, नावाला गिऱ्हाईक होतं.

मंजन आता नाशिकचा एक कारखानदार बनवायचा आणि आमच्या नावानं विकायचा. एमआयडीसीतला एक जण साळुंकी छाप चपला करायचा. नेवासा फाट्यावर उदबत्तीचा कारखाना होता. राहुरीच्या एक बाई पापड करायच्या. या सगळ्यांनी विक्रीतले काही टक्के आम्हाला द्यायचे, त्याला रॉयल्टी म्हणतात. काका त्याला नावाचं भाडं म्हणायचे. ते भाडं कधी आलं, किती आलं आणि कुठल्या वर्षाच्या उत्पन्नात धरायचं, एवढंच आमचं काम. बाकी कंपनीत काही म्हणजे काही नव्हतं. एक साळुंकी, आम्ही दोघं आणि पुण्याहून फोन करणारे शेठ.

काका हे कोणाचे काका होते देव जाणे. शेठ म्हणायचे म्हणून सगळे म्हणायचे. मूळ गाव शेवगावकडचं, घर केडगावला. किडकिडीत अंग, पांढरा शर्ट, आणि या वयातही तोंडात सगळे दात शाबूत. कोणी दाताची तक्रार केली की हे आपले ओठ वर करून दाखवायचे. समोरचा हातात पोहे घेऊन बसलेला असला तरी दाखवायचे. कुणाचा राग आला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "नाव काय आपल्या बापाचं हाय व्हय?" हे ते शेठनासुद्धा ऐकवायचे. आता शेठच्या बाबतीत ते नाव खरोखरच बापाचं होतं, पण काकांना सांगणार कोण!

त्यांचा नियम असा की, जी वस्तू साळुंकीच्या नावानं विकली जाते ती आधी स्वतः वापरायची, मगच तिचं भाडं उत्पन्नात घ्यायचं. मंजन तर ते जन्मभर लावत होतेच. चपला घालायचे त्या साळुंकीच्या. लग्नाला जायचं असलं तरी त्याच. एकदा कापडबाजारात भर गर्दीत चपलेचा अंगठा तुटला तर माणूस तिथेच एका पायावर उभा राहिला आणि चपलावाल्याला फोन लावला. "या इथं, आनि बघा तुमची साळुंकी," म्हणाले. तो बिचारा खरंच आला. नवा जोड घेऊन आला, वर माफी मागून गेला. उदबत्तीची नवी पेटी आली की ती ऑफिसात जळायची. मला सर्दीचा त्रास. मी शिंका देत रिटर्न भरायचो आणि हे डोळे मिटून म्हणायचे, "मोगरा म्हंत्यात. मोगरा कुठं हाय ह्यात?"

आणि मग ते पापड. पार्टीचं विक्रीचं स्टेटमेंट आलं, पैसे आले, टॅक्स कापल्याचा दाखला आला. सगळं जिथल्या तिथं. काकांनी घरी पापड भाजून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मला सांगितलं, "पापडाचं धरू नका. तसंच ठिवा बाजूला."

आमचे सीए शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांचाही तोल गेला. "अहो काका, तिनं माल विकला की आपली रॉयल्टी झाली. पापड खारट का गोड, हे हिशोबात कुठे बसवू मी?"

"विकला वो एकदा. पुन्ना कोन घेनार? नाव आपलं खराब झालं का न्हाई?"

"ते झालं असेल. पण उत्पन्न उत्पन्नच आहे."

"मंग तुमी खाऊन बघा."

सीएंनी खाल्ला. पाणी प्यायले. आणि तरीही उत्पन्न धरलं, कारण बरोबर तेच होतं. काका आठवडाभर आम्हा दोघांशी बोलले नाहीत. त्या आठवड्यात एका रिटर्नची मुदत गेली आणि दंड बसला. शेठच्या शिव्या मात्र मी खाल्ल्या. अशा माणसाबरोबर काम करणं म्हणजे काय असतं हे नुसतं ऐकून कळायचं नाही. संध्याकाळी घरी गेलो की बूट काढायचीसुद्धा ताकद नसायची.

पण एकदा त्यांचंच खरं निघालं, तेही सांगायला पाहिजे. चपलावाल्यानं पाच वर्षांच्या कराराचे पैसे एकरकमी दिले. शेठना ते सगळे त्याच वर्षाच्या नफ्यात हवे होते, बँकेला दाखवून बिल्डिंगसाठी कर्ज काढायचं होतं. फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होतो.

"काका, पैसे खात्यात आलेत ना?"

"आल्यात की."

"मग उत्पन्न आलं."

"पैसं आल्यात. उत्पन्न यायचंय."

"म्हणजे काय?"

"म्हंजी त्यो पाच वर्सं आपलं नाव वापरनार. जसजसं वापरंल तसतसं आपलं व्हनार. उद्या साळुंकीचं नाव गेलं तर त्यो पैसं माघारी मागंल का न्हाई? मंग आजच कसं खायचं?"

शेठनी सीएंना फोन केला, आणि सीएंनी सांगितलं की काका म्हणतात तसंच करावं लागेल. एका वर्षात एक वाटा. उरलेली रक्कम तोवर कंपनीच्या डोक्यावरची जबाबदारी. काका त्या दिवशी स्वतःच्या खर्चानं मला चहा पाजायला घेऊन गेले. चहा होईस्तोवर नुसते दात दाखवत होते.

मग दिवस फिरले. राहुरीच्या बाईंनी पापड बंद केले. मंजन वापरणारी पिढी म्हातारी झाली, पोरांना फेसाची पेस्ट लागते. भाडं आटत गेलं. पगार आधी पंधरवडाभर उशिरा, मग महिनाभर उशिरा व्हायला लागला. माझी दोन्ही मुलं शाळेत, घराचे हप्ते चालू. शेठना विचारलं की म्हणायचे, "बघतोय, काहीतरी मोठं बघतोय."

ते मोठं म्हणजे मिश्री. तंबाखू भाजून, काळा करून दळतात आणि बायका सकाळी उठल्या की दातांना लावतात, ती मिश्री. खेड्यापाड्यात अजून मरणाची खपते. बाहेरची एक पार्टी होती, तिला आमचं नाव हवं होतं. नुसतं नाव नाही, तोच लाल डबा, तीच साळुंकी. एकरकमी देणार होते ते आमच्या सगळ्या भाड्यांच्या कितीतरी पट. सरकारी इशारा छापू म्हणाले, कायद्यानं लागतो तेवढा. शेठ मला म्हणाले, "हे झालं की तुझा पगारही वाढवतो." खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी घरी जाताना पेढे घेऊन गेलो.

काका उसळतील असं वाटलं होतं. पण नाही. ते म्हणाले, "नमुना आना." त्यांच्या नियमात तंबाखूला वेगळी वागणूक नव्हती. स्वतः ते तंबाखूला शिवत नसत, सुपारीलासुद्धा नाही. मग वापरणार कोण? तर म्हणाले, "घरात गिऱ्हाईक हाय माझ्या." काकू लग्नाच्या आधीपासून मिश्री लावत होत्या. काकांनी संसारभर सांगून बघितलं, रागावून बघितलं, अबोला धरून बघितला. काकू काही बधल्या नाहीत.

नमुन्याचा तसाच लाल डबा घरी गेला. दोन दिवसांनी काका म्हणाले, "मंडळी म्हंती लई झ्याक हाय." झालं! मला वाटलं, सुटलो. शेठना लगेच कळवून टाकलं.

त्यानंतरच्या सोमवारी काका उशिरा आले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. चेहरा पांढराफटक, घामानं शर्ट चिकटलेला. खुर्चीत टेकले आणि तसेच उठून बेसिनवर जाऊन ओकले. मला वाटलं, हार्टचं काहीतरी. मी रिक्षा बोलवायला निघालो तर हातानं थांबवलं. खालून लिंबूपाणी आणून दिलं, ते घोटघोट प्यायले. मग बोलले.

"पहाटं लाइट नव्हती. फळीवर हात घातला, डबा घेतला, बोटावर घेऊन लावलं. मंडळीनं तिचा डबा माझ्या डब्याशेजारी ठिवलेला. दोन्ही साळुंकीच. बरं, चव येगळी लागली, तरी म्हनलं नवा माल आसंल. चांगलं घासलं, दाबून. आनि मंग घर फिराया लागलं."

मला हसू आलं. अहो, कोणालाही येईल. ज्या माणसानं उदबत्तीतला मोगरा शोधला, त्याला मिश्री कळली नाही! पण ते हसत नव्हते.

शेठना मीच फोन लावला. त्यांनाही हसू आवरेना. "काका, मग वापरलीत ना? तुमचाच नियम आहे. आता धरा उत्पन्न!"

"मी मिश्री न्हाई वापरली, शेठ," काका म्हणाले. "मी मंजन वापरलं."

शेठचं हसू थांबलं.

"आवं, मी जलमभर ह्या डब्याचा हिशोब लिव्हतोय. मला कळंना. मोरीत हुबं ऱ्हायलेल्या लेकराला काय कळनार हाय? आय म्हनंल, साळुंकी लाव. ते लावंल. बायका आपल्याकडं नाव वाचत न्हाईत, डबा बघत्यात. त्यांच्या सासूनं त्योच डबा बघितलेला, आयनं त्योच. काळं मंजनबी मिळतंच की बाजारात. कोन थांबवनार?"

"काका, इशारा छापतायत ते."

"मला तरी कुठं दिसला इशारा?"

मग म्हणाले, डबा निळा करा, साळुंकीच्या जागी दुसरं काही छापा, मी आत्ता सही करतो. शेठनी पार्टीला विचारलं. पार्टी म्हणाली, मग तुमच्याकडं येऊन आमचा काय फायदा? त्यांना त्या डब्यावरचा खेड्यातल्या बायकांचा विश्वासच तर हवा होता. हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मलाही कसंतरी झालं. पण कसंतरी होऊन हप्ते भरता येत नाहीत.

आता सही काकांची का लागत होती, ते सांगतो. अशा कंपनीला निदान दोन डायरेक्टर लागतात. थोरल्या शेठनी बाहेरचा माणूस नको म्हणून काकांनाच दुसरे डायरेक्टर करून टाकलं होतं. शेअर एकही नाही, नुसतं नाव. आणि दोघं हजर असल्याशिवाय डायरेक्टरांची सभा होत नाही. सभेशिवाय एवढा मोठा करार मंजूर कसा होणार?

शेठ मे महिन्यात आले. पार्टीचा माणूस सोबत, कागद तयार, मी ठराव टाइप करून ठेवलेला. काका जिना चढून वर आले आणि दारापाशीच थांबले.

"या ना काका आत," शेठ म्हणाले.

"मी आत आलो की सभा झाली. मी हितंच बरा हाय."

"अहो, नुसतं आत या, नाही म्हणा, विरोध नोंदवा. लिहून घेतो."

"लिव्हून घ्याल आनि करालच."

त्यांना दारातून आत आणायला शेठनी काय नाही केलं! गोड बोलले, थोरल्या शेठची आठवण काढली, शेवटी आवाज चढवला. काका जिन्याच्या त्या वीतभर पत्र्याखाली जेवणाच्या डब्याची पिशवी हातात धरून उभे. नगरचं मे महिन्यातलं ऊन, पत्रा तापलेला. मीही जाऊन म्हणालो, "काका, चक्कर येईल, आत या." तर म्हणाले, "आली तर हितंच पडंन. उचलून आत घेऊ नका म्हंजी झालं." पार्टीचा माणूस आधी गालातल्या गालात हसत होता, मग घड्याळ बघायला लागला, मग फोनवर बोलत जिना उतरून गेला. परत काही आला नाही. काकांना डायरेक्टरपदावरून काढता आलं असतं, पण त्याला नोटीस, मुदत, कागदपत्रं. तेवढं थांबायला पार्टी तयार नव्हती. त्यांनी दुसरं कुठलंतरी नाव घेतलं, आणि मी नंतर दुकानात पाहिलं, त्या नावावर त्यांचा माल फारसा चाललाच नाही.

जाताना शेठ जिन्यात थांबले. रागावले नव्हते, दमले होते. "काका, आता पगार कुठून देऊ तुम्हाला?"

"नका देऊ," काका म्हणाले.

शेठची गाडी गेली आणि मी फुटलो. "नका देऊ म्हणायला काय जातंय तुमचं? तुमच्या मुलींची लग्नं झाली. घर झालं. माझी पोरं शाळेत आहेत. त्यांची फी साळुंकी भरणार आहे का? जगातल्या पोरांची दया आली तुम्हाला, माझी दोन दिसली नाहीत?" आणखीही बरंच बोललो. खालचा सायकलवाला पाना हातात घेऊन वर बघत होता.

ते भांडतील असं वाटलं. भांडायलाच हवं होतं, मला बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, "व्हय. ते खरं हाय तुमचं." आणि पिशवी घेऊन जिना उतरले.

पुढच्या महिन्यात ऑफिस बंद झालं. उरलंसुरलं भाडं आता पुण्याहूनच बघतात. पाटी उतरवायलासुद्धा कोणी आलं नाही, ती मीच उतरवली. काकांना फोन केला नाही. राग होता माझा, आणि तो खोटा नव्हता. काही महिने असेच गेले, बायकोच्या शिवणकामावर. मग नेवासा फाट्याच्या उदबत्तीवाल्यांचा फोन आला, अकाउंटला माणूस हवाय, येता का. मी म्हटलं, देव पावला. रोज एसटीनं जायचं, यायचं. कंटाळवाणं काम आहे, अंगाला वास येतो, पण पगार एक तारखेला होतो.

वर्ष उलटून गेल्यावर एकदा मालक जेवताना सहज म्हणाले, "तुमचे ते काका बरे आहेत का? काय माणूस हो! आमच्या मोगऱ्यावरून मला झापून गेलेला."

"कधी आले होते?"

"तुम्हाला माहीत नाही? ऑफिस बंद झाल्यावर आले होते की. आधी चपलावाल्याकडं गेले, नाशिकला मंजनवाल्याकडं जाऊन आले, मग माझ्याकडं. म्हणाले, एका माणसाची नोकरी माझ्यामुळं गेली, त्याला ठेवून घ्या. मी म्हटलं, काका, जागा एकच निघणार आहे, आणि तुमच्याइतका पक्का माणूस मला कुठे मिळायचा, तुम्हीच या. तर उठलेच. म्हणाले, मी माझ्यासाठी आलेलो नाही. चहासुद्धा घेतला नाही."

मला एकदम रडू आलं आणि ते लपवायला मी हात धुवायला उठलो.

सुट्टीच्या दिवशी केडगावला गेलो. काकू अंगणात बसल्या होत्या, दातांना बोट लावून. मला बघून बोट काढलं, पदरानं तोंड पुसलं. घराच्या पुढच्या खोलीला भाडेकरूचं कुलूप दिसलं. काका मागच्या बाजूला एकाच खोलीत होते. आधीच किडकिडीत, आता तर शर्ट हँगरला अडकवल्यासारखा दिसत होता.

काकूंनी चहा टाकला आणि आतूनच बोलायला लागल्या. "समद्या मुलखात हिंडलं तुमच्यासाठी. सोतासाठी एक दार न्हाई वाजवलं. पीएफ मिळाला त्यो दवाखान्यात गेला माझ्या. आता किराणावाल्याचं जीएसटी भरून देत्यात, त्यो दील ते घेत्यात."

"तू गप ऱ्हा," काका म्हणाले.

मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मी जिन्यात जे बोललो..."

"खरंच बोल्ला हुता."

"हो, पण नेवाशाची जागा तुम्हाला मिळत होती. मला का नाही सांगितलंत? मी वर्षभर तुम्हाला शिव्या देत होतो."

ते माझ्याकडं बघेनात. चहाची कपबशी पुढं सरकवली. मी चहा संपवला तशी त्यांनी कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग उठून उभे राहिले, मला दारापर्यंत आणलं आणि खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"जावा आता," ते म्हणाले. "कामाला उशीर व्हईल तुमाला."

रविवार होता. त्यांनाही ते माहीत होतं. मी "हो काका" म्हणालो आणि निघालो.